पंडित विष्णु दिगंबर पलुसकर आणि आपला गायनाचा तास



प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात गायनाला जागा असते, हे आपण सर्वजण जाणतो. ती जागा प्रत्यक्षात कशी नाहीशी होते, हेही आपणांस ठाऊक आहे. गणिताचा भाग मागे राहिला, चाचणी तोंडावर आली, किंवा वरून मागितलेली माहिती त्याच दिवशी भरून द्यावयाची निघाली, की पहिली कात्री गायनाच्या तासाला लागते. महाड आणि पोलादपूर तालुक्यांच्या डोंगरवाड्यांतील शाळा बहुधा दोनशिक्षकी आहेत. दोन शिक्षकांनी चार-पाच इयत्ता सांभाळावयाच्या, तेव्हा अशी कात्री लागावी यात नवल नाही. त्याबद्दल कोणास दोष देण्याचा येथे हेतू नाही. परंतु शाळाभेटीत या तासाविषयी विचारले असता वेळेच्या अडचणीहूनही अधिक वेळा एक निराळेच उत्तर कानी येते: “साहेब, मला गाता येत नाही, मग मी शिकवू काय?”

हे उत्तर प्रामाणिक आहे, म्हणूनच ते गंभीरपणे घ्यावयास हवे. गणित न आवडणारा शिक्षकही गणित शिकवितो, कारण पुस्तक आहे, क्रम आहे, अध्यापनाची पद्धत आहे. गाणे मात्र ज्याच्या गळ्यात आहे त्यानेच शिकवावे आणि ज्याला ते देवाने दिले आहे त्यानेच शिकावे, अशी समजूत आपल्या समाजात फार जुनी आहे. या समजुतीविरुद्ध ज्या पुरुषाने आपले सारे आयुष्य वेचले, त्याच्या कार्याचा परिचय आपल्या कामास उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे. थोर गायक म्हणून त्यांची कीर्ती आहेच. येथे आपणांस त्यांच्याकडे पाहावयाचे आहे ते एक शिक्षक म्हणून.

विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड या दक्षिण महाराष्ट्रातील लहानशा संस्थानी गावी झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ; पलूस गावावरून पलुसकर हे नाव रूढ झाले. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते. आपल्याकडे महाड परिसरातही सप्ताहात कीर्तन ऐकलेले नाही असे मूल विरळा. कीर्तनकाराच्या पाठीमागे झांज घेऊन उभे राहणारे जे मूल असते, त्याला ताल निराळा शिकवावा लागत नाही. विष्णूचे बालपण असेच गेले. शाळेतही मुलगा हुशार होता. पुढे इंग्रजी शिकून त्याने नोकरी धरावी, असाच त्या काळी घराचा विचार असणार.

परंतु लहानपणीच एका उत्सवात शोभेची दारू तोंडाजवळ उडाली आणि त्यांचे डोळे कायमचे अधू झाले. औषधोपचारासाठी त्यांना मिरजेस नेण्यात आले. दृष्टी पूर्ववत होणार नाही हे निश्चित झाल्यावर, ज्या विद्येला डोळ्यांची गरज कमी त्या विद्येकडे, म्हणजे गायनाकडे, त्यांना वळविण्यात आले. विद्या निवडण्याचे हे कारण किती निरुपायाचे होते, हे ध्यानात घ्यावे. त्या काळी प्रतिष्ठित घरातील मुलगा गवई होणे ही मिरविण्यासारखी गोष्ट नव्हती.

मिरजेस त्यांना गुरू लाभले ते पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. बुवांनी स्वतः अपार कष्ट सोसून ग्वाल्हेर येथे वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ख्यालगायनाची विद्या मिळविली होती. हद्दू खाँ व हस्सू खाँ या बंधूंनी नावारूपास आणलेली ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविण्याचे मोठे श्रेय बाळकृष्णबुवांकडे जाते. विष्णु दिगंबरांनी त्यांच्यापाशी सुमारे बारा वर्षे अध्ययन केले. ते जुन्या रीतीचे होते. गुरुगृही राहावयाचे, पडेल ते काम करावयाचे, गुरूची लहर लागेल तेव्हा मिळेल तेवढे ग्रहण करावयाचे आणि तेच रात्रंदिवस घोटावयाचे. पुस्तक नाही, वही नाही, ठरलेला क्रम नाही. या रीतीने गळे तयार होत असत हे खरे. ते किती मोजके होत आणि किती जणांची उमेद अर्ध्या वाटेवर संपत असे, हेही तितकेच खरे.

त्यांच्या चरित्रांत एक प्रसंग सांगितला जातो. मिरजेतील एका सार्वजनिक समारंभास विष्णु दिगंबरांना निमंत्रण आले, कारण संस्थानिकांची त्यांच्यावर मर्जी होती. त्यांच्या गुरूला मात्र ते आले नाही. गुरूला का बोलाविले नाही असे विचारता, ते तर गवई, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. प्रसंगाचा तपशील कमीअधिक असेल, परंतु त्यातील मर्म खोटे वाटत नाही. राजे-रजवाडे गवयाला पोशीत, त्याचे गाणे ऐकत, त्याला शेला देत. पण समाजाच्या पंगतीत त्याचे पान मांडीत नसत. १८९६ मध्ये विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली, ती संस्थानी आश्रयाचा मार्गच सोडावयाचा, या निश्चयाने.

त्यानंतरची काही वर्षे भ्रमंतीची. औंध, सातारा, बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास करीत ते पंजाबात पोहोचले. वाटेत राजकोट येथे त्यांनी तिकीट लावून गायनाचा जाहीर कार्यक्रम केला. आज आपणांस यात काही विशेष वाटणार नाही. परंतु दरबारात किंवा धनिकाच्या दिवाणखान्यात बंदिस्त असलेले गाणे तिकिटाचे पैसे देऊ शकणाऱ्या कोणाही माणसाला ऐकू यावे, ही त्या काळी नवी गोष्ट होती. मथुरेस राहून त्यांनी व्रजभाषेचा परिचय करून घेतला. ज्या भाषेतील पदे आपण गातो, ती भाषा आपणांस कळली पाहिजे, एवढीच त्यामागील दृष्टी. अर्थ न कळता कविता पाठ करून घेणाऱ्या वर्गांत ही दृष्टी आजही हवी आहे.

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. असा प्रयत्न त्यापूर्वी झालाच नव्हता असे नाही. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज स्थापन झाला होता आणि बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली होती. मौलाबक्षांनी स्वरलेखनाची स्वतःची पद्धतही बसविली होती. विष्णु दिगंबरांच्या विद्यालयाचे वेगळेपण असे की, त्याच्या पाठीशी कोणताही दरबार नव्हता. विद्यार्थ्यांचे शुल्क, लोकांची देणगी आणि स्वतः गाऊन मिळविलेला पैसा यांवर ते चालावयाचे होते. परक्या प्रांतात, परक्या भाषेच्या लोकांत, तिशीही न गाठलेल्या, मंद दृष्टीच्या एका मराठी गृहस्थाने हे मांडावे, याचे मोल वेगळे सांगावयास नको.

आता आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या भागाकडे येऊ. विद्यालय म्हटले की नुसते गुरू आणि शिष्य असून भागत नाही. वीस मुले एका वेळी समोर बसली की प्रश्न बदलतात. आज काय शिकवावयाचे? काल जे शिकविले ते घरी जाऊन मुलाने कशावरून आठवावयाचे? एका वर्षात किती भाग पुरा व्हावयास हवा? मुलाला येते की नाही हे कसे ठरवावयाचे? गुरुगृहातील शिक्षणाला हे प्रश्न कधी पडलेच नव्हते. विष्णु दिगंबरांनी ते एकेक करून सोडविले: वर्ग पाडले, पाठ्यक्रम आखला, परीक्षा ठेविल्या आणि पाठ्यपुस्तके लिहिली. ‘संगीत बालप्रकाश’, ‘संगीत बालबोध’ ही त्यांच्या पुस्तकांची नावेच पाहावीत. घराण्याचा वारस त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता. होता तो बालक. ‘रागप्रवेश’ या मालेत एकेका रागाची ओळख क्रमाने करून दिली आहे. ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचे मासिकही त्यांनी चालविले. पुस्तके छापावयास मुद्रणालय हवे, ते त्यांनी काढले. वाद्ये दुरुस्त करावयास कारागीर हवेत, त्यांचा कारखानाही विद्यालयास जोडला.

पुस्तकातून गाणे शिकवावयाचे तर गाणे लिहिता आले पाहिजे. यासाठी त्यांनी स्वरलिपी सिद्ध केली. तिचा थोडा परिचय आपण करून घ्यावा, कारण ती मराठी शिक्षकाला परकी वाटण्याचे कारण नाही. शुद्ध स्वर नुसता लिहावयाचा. कोमल स्वर लिहावयाचा झाल्यास आपण व्यंजनाचा पाय मोडतो तशी खूण त्याला द्यावयाची. खालच्या म्हणजे मंद्र सप्तकातील स्वराच्या डोक्यावर टिंब आणि वरच्या म्हणजे तार सप्तकातील स्वराच्या डोक्यावर उभी रेघ. स्वर किती वेळ धरावयाचा, एक मात्रा की अर्धी, यासाठी स्वराखाली निरनिराळ्या खुणा. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची स्वरलिपी याहून सुटसुटीत आहे आणि आज तीच अधिक प्रचारात आहे. तीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, मंद्र स्वराचे टिंब खाली असते व तार स्वराचे वर. दोन्ही पद्धतींची पुस्तके हाती येतात तेव्हा टिंबाचा हा फरक ध्यानात न ठेवल्यास मोठा घोटाळा होतो. एका पुस्तकात खर्जात जाणारा स्वर दुसऱ्या पुस्तकाच्या हिशेबाने आभाळात जाऊन बसतो.

ज्याला स्वतःला बारीक अक्षर वाचणे जड जात होते, त्याने इतरांनी वाचावे म्हणून इतक्या बारीक खुणांची लिपी बसवावी, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आपल्या वर्गात दृष्टी मंद असलेले, ऐकू कमी येणारे एखादे मूल असते. त्याला कोणता विषय “जमेल” हे आपण परस्पर ठरवून टाकतो. विष्णु दिगंबरांच्या बाबतीतही लोकांनी तसे ठरविले होते. ते ठरविणे पुढे फळाला आले, पण ठरविणाऱ्यांच्या कल्पनेतल्या मार्गाने नव्हे.

स्वरलिपीवर त्या काळी टीका पुष्कळ झाली. गाणे कागदावर मावत नाही, मींड आणि आंदोलन टिंबारेघांत उतरत नाही, लिहून शिकलेले गाणे निर्जीव होते, असे जाणते लोक म्हणत. यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? परंतु बाराखडीतही बोलण्याचा हेल उतरत नाही. महाडकडच्या माणसाचे बोलणे आणि कोल्हापूरकडच्या माणसाचे बोलणे लेखात सारखेच दिसते. म्हणून आपण मुलांना लिहावयास शिकविण्याचे थांबवीत नाही. स्वरलिपी गाण्याच्या ठिकाणी ठेवावयाची नसून आठवणीच्या मदतीस ठेवावयाची आहे, हे एकदा मान्य केले की वाद बराच निवळतो.

त्यांच्या योजनेतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे उपदेशक वर्ग. निवडक तरुणांना विद्यालयातच ठेवून घ्यावयाचे, त्यांच्या जेवणाखाणाची व्यवस्था करावयाची आणि ठरावीक वर्षे शिकवून त्यांना संगीताचे शिक्षक म्हणून देशभर पाठवावयाचे. आपल्या भाषेत बोलावयाचे तर हे संगीताचे अध्यापक विद्यालयच होते. या तरुणांना गाणे तर येत असेच, शिवाय खालच्या वर्गांना शिकविण्याचा सरावही त्यांच्याकडून होत असे. याच विद्यालयातून पंडित ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, शंकरराव व्यास, बा. र. देवधर अशी मंडळी बाहेर पडली. ते सर्वजण नामांकित गवई झाले ही गोष्ट प्रसिद्धच आहे. त्यांपैकी बहुतेकांनी पुढे स्वतःची विद्यालये चालविली वा अध्यापन केले, ही गोष्ट तितकी सांगितली जात नाही. देवधरांनी १९२५ मध्ये मुंबईत व विनायकबुवांनी १९३२ मध्ये पुण्यात विद्यालय काढले. ओंकारनाथ पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे प्रमुख झाले.

आणखी एका शिष्याचे नाव येथे मुद्दाम घेतो, कारण त्यांचे काम आपल्या कामाशी अधिक जवळचे आहे. पंडित नारायण मोरेश्वर खरे १९१८ मध्ये गांधीजींच्या साबरमती आश्रमात संगीतशिक्षक म्हणून गेले आणि तेथेच राहिले. आश्रमातील रोजच्या प्रार्थनेत न शिकलेली, निरनिराळ्या प्रांतांची, लहानमोठी माणसे एकत्र गात. त्यांना एका सुरात आणणे, कोणती पदे घ्यावी हे ठरविणे, ‘आश्रम भजनावलि’ सिद्ध करणे, ही कामे खरे यांनी केली. १९३० च्या दांडीयात्रेत ते गांधीजींसह चालले. रामधुनीची आज सर्वतोमुखी असलेली चाल विष्णु दिगंबरांची मानली जाते. ती खेडोपाडी पोहोचली, ती अशा शिक्षकांच्या द्वारे. चालकार म्हणून विष्णु दिगंबरांची कसोटी लावावयाची तर मी याच ठिकाणी लावीन. जी चाल कसलेल्या गवयाने गावी आणि जत्रेतील माणसानेही पहिल्याच दिवशी गावी, अशी चाल बांधणे सोपे नाही. तिची स्वरमर्यादा थोडी, टप्पे सरळ, आवर्तन लहान. बालगीत निवडताना आपणही हेच पाहावयाचे असते.

१९०८ मध्ये विद्यालयाची शाखा मुंबईत निघाली व पुढे तेच मुख्य केंद्र झाले. सँडहर्स्ट रोडवर मोठी इमारत उभारण्यासाठी त्यांनी कर्ज काढले. गाऊन गाऊन कर्ज फेडता येईल हा त्यांचा हिशेब होता; तो चुकला. १९२४ मध्ये सावकारांनी इमारत लिलावात काढली. ज्या वास्तूत शेकडो मुले स्वर घोकीत होती ती हातची गेली. पुढे ते नाशिकास रामनामाधार आश्रमात राहू लागले. भगवी वस्त्रे, रामायणाचे प्रवचन आणि रामनाम हेच त्यांचे जीवन झाले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचे पुत्र दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचे होते. वडिलांच्या शिष्यांनी त्यांना तयार केले आणि ते विलक्षण गोड गळ्याचे गायक झाले, परंतु १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी निवर्तले. इमारत गेली तरी पद्धत राहिली. गुरूच्या निधनाच्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आज आपल्या ओळखीतील एखादी मुलगी प्रवेशिका किंवा मध्यमा परीक्षेस बसते, ती बहुधा याच मंडळाच्या.

येथपर्यंत गौरव झाला. आता एक शंकाही मांडली पाहिजे. गायनाला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी विष्णु दिगंबरांनी त्याला भक्तीची जोड दिली. शृंगारिक शब्दांच्या जागी भक्तिपर शब्द घातले, तुलसीदास-सूरदासांची पदे रागांत बसविली. मध्यमवर्गीय घरांतील मुली तंबोरा घेऊन बसू लागल्या, हे या धोरणाचे यश. परंतु ज्या गाणाऱ्या स्त्रियांनी, ज्या मुसलमान उस्तादांनी, ज्या तमाशा-जागरणातील कलावंतांनी पिढ्यान्पिढ्या ही विद्या जिवंत ठेविली, त्यांच्या वाट्याला या नव्या प्रतिष्ठेतून फारसे आले नाही. सभ्य गाणे कोणते आणि असभ्य कोणते, अशी एक रेषा पडली व ती पुष्कळदा जातीच्या रेषेवरूनच गेली. याचा दोष एका माणसावर टाकणे अन्यायाचे होईल. तो काळच तसा होता. तरीही आपणांस ते पाहून न पाहिल्यासारखे करता येणार नाही. २० मार्च १९२७ रोजी ज्या महाडात पाणी कोणाचे हा प्रश्न चवदार तळ्याच्या काठी विचारला गेला, त्या तालुक्याच्या शाळेत गाणे कोणाचे, हा प्रश्न शिक्षकाने स्वतःला विचारावा. परिपाठात वर्षभर एकाच घरातील गाणी ऐकू येत असतील, तर कातकरी वाडीवरचे किंवा धनगरवाड्यावरचे मूल हात जोडून उभे राहील, पण गाणार नाही. मोहल्ल्यातील मुलाचेही तेच.

खेड्यातील शिक्षक आणि गाणे यांचा संबंध किती दूरवर पोहोचू शकतो, याचे उदाहरण युरोपातील एस्टोनिया या बाल्टिक समुद्राकाठच्या लहान देशात सापडते. त्याची लोकसंख्या आजही सुमारे तेरा लाखच आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे सत्ता रशियाच्या झारची, जमिनी जर्मन जमीनदारांच्या आणि एस्टोनियन बोलणारा बहुतेक शेतकरी. त्या काळी वाल्गा या गावी झिम्झे नावाच्या लाटव्हियन शिक्षकाचे एक अध्यापक विद्यालय होते. तेथे होणाऱ्या प्रत्येक खेड्यातल्या शिक्षकाला वाचन-गणिताबरोबर समूहगायनही शिकावे लागे. हे शिक्षक गावी परतले आणि त्यांनी गावोगाव गायकवृंद उभे केले. १८६९ मध्ये तार्तू शहरी हे वृंद प्रथमच एकत्र जमले. त्या गीतोत्सवाच्या संचालकांपैकी आलेक्सांडर कुनिलाइड हा तरुण त्याच अध्यापक विद्यालयात शिकलेला होता. लिडिया कोइडुला या कवयित्रीच्या मायदेशावरील कवितांना त्याने लावलेल्या चाली त्या उत्सवात गाइल्या गेल्या. तो तिशीही न गाठता १८७५ मध्ये वारला, परंतु तो उत्सव थांबला नाही; साधारणपणे दर पाच वर्षांनी तो आजही भरतो व हजारो कंठ एका वेळी गातात. १९८७ ते १९९१ या काळात एस्टोनियाने सोव्हिएत सत्तेपासून स्वातंत्र्य मिळविले, त्या चळवळीला ‘गाती क्रांती’ असेच नाव पडले. लाहोरचा उपदेशक वर्ग आणि वाल्गाचे अध्यापक विद्यालय यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. गाणारा शिक्षक तयार केला तर गाव गाऊ लागते, हे मात्र दोन्हीकडे ओळखले गेले होते.

आता पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे येतो: ज्याला गाता येत नाही त्याने काय करावे? ताल हातात असतो, गळ्यात नव्हे; म्हणून तालापासून प्रारंभ करावा. केरव्याच्या आठ मात्रा, चार-चारच्या दोन भागांत; पहिल्या मात्रेला टाळी, पाचवीला हात नुसता हलवून खाली. एवढे पहिलीच्या मुलांनाही आठवडाभरात जमते. मग सहा मात्रांचा दादरा. ताल हाती बसल्यावर कवितेची एकेक ओळ त्यावर म्हणवून घ्यावी. सूर लावून देण्यासाठी पेटी नसली तरी आज मोबाईलवर तंबोरा मिळतो. त्याचा सूर लावताना एक पथ्य पाळावे. पुरुष शिक्षक आपल्या सोयीचा, काळी एक वा काळी दोनचा सूर धरतात आणि मुलांचे आवाज तळात दबून जातात. मुलांना साधारणपणे काळी चार-पाचचा सूर मानवतो. मुले ओरडत असतील तर पुष्कळदा दोष मुलांत नसतो, सूर चुकीचा धरलेला असतो.

शिक्षकाने संपूर्ण वेळ मुलांबरोबर गात राहू नये. एक ओळ सांगावी आणि गप्प राहून ऐकावे. ऐकल्याखेरीज कोणाचा सूर कोठे घसरतो ते कळत नाही. बेसूर मुलाला “तू नुसते ओठ हलव” असे सांगण्याची एक वाईट चाल आहे. विशेषतः स्नेहसंमेलनाच्या तयारीत ती दिसते. त्या मुलाला सुरात गाणाऱ्या मुलाशेजारी उभे करावे आणि महिनाभर वाट पाहावी. बहुतेक मुलांचा कान तेवढ्या अवधीत उघडतो. वरच्या वर्गांना सा रे ग, रे ग म, ग म प असे सोपे अलंकार फळ्यावर लिहून द्यावेत आणि हाताने ताल धरून म्हणवून घ्यावेत. हीच स्वरलिपीची पहिली पायरी. शिकवीत असता शिक्षकाचाही गळा सुटतो, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

परिपाठात राष्ट्रगीत व राज्यगीत ही दोन्ही म्हटली जातात. राष्ट्रगीताला ठरलेला अवधी ५२ सेकंदांचा आहे. घड्याळ लावून पाहिल्यास कित्येक शाळांत ते लांबते असे आढळेल. राज्यगीत म्हणून १९ फेब्रुवारी २०२३ पासून स्वीकारलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राजा बढे यांचे गीत श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले असून शाहीर साबळे यांनी गाइलेले आहे. ते मुलांना एकदा मूळ आवाजात ऐकवावे. जोर आणि आरडाओरडा यांतील फरक तेथे स्पष्ट होतो.

वर्गासाठी गाणी कोठून आणावी, याची चिंता आपल्या भागात तरी नसावी. आषाढात भाताची लावणी चालू असताना चिखलात वाकलेल्या बाया गातात. गौरीगणपतीत बाल्या नाच होतो, त्यात सवाल-जवाबांची गाणी असतात. शिमग्याची निराळी, लग्नात हळदीची निराळी, आणि घराघरांतील आजींपाशी जात्यावरच्या ओव्या. जाते थांबले तशा त्या ओव्याही थांबत चालल्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातील अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेविल्या. सावित्रीच्या खोऱ्यातील आपल्या वाड्यांत आणखी किती असतील याची मोजदाद अजून व्हावयाची आहे. तरुण माणसे मुंबईस, वाडीवर म्हातारी आणि नातवंडे, अशी आपल्याकडील घरांची स्थिती. गाणे जाणणारी व्यक्ती आणि गाणे शिकण्याच्या वयाचे मूल एकाच ओटीवर बसलेले असतात.

यंदाच्या दिवाळीच्या सुटीपूर्वी प्रत्येक शाळेने अशी निदान पाच गाणी उतरवून घ्यावीत. शब्द मुलांनी वहीत लिहावे. चालीसाठी, ज्यांना जमेल त्यांनी स्वर लिहावेत. इतरांनी मोबाईलवर आवाज नोंदवून ठेवावा, मात्र गाणाऱ्या व्यक्तीला आधी विचारून. वहीत गाण्याखाली गाव, वाडी, गाणे कोणत्या कामाच्या वा सणाच्या वेळी म्हणतात ते, आणि गाणाऱ्या व्यक्तीची संमती असल्यास तिचे नाव, इतके अवश्य असावे. शब्द आपल्या पुस्तकी भाषेत दुरुस्त करू नयेत. आजी “पानी” म्हणाली असेल तर “पानी”च लिहावे. वह्या केंद्रशाळेत जमा कराव्यात. केंद्रसंमेलनात त्यांतील एकेक गाणे त्या त्या शाळेच्या शिक्षकांनी इतरांस शिकवावे, आणि शक्य असेल तेथे ती आजी समक्षच आणावी.